तपासणीची खोली: काय पुसायचं, कशानं आणि कुणी

वाचक विचारतात

"सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दवाखाना चालवते. दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत पेशंट बसतात, आतल्या खोलीत मी तपासते. दिवसाला साठ-सत्तर पेशंट होतात. ताप-खोकला, लहान मुलं, बीपी-शुगरवाले, बायकांच्या तपासण्या, किरकोळ ड्रेसिंग, इंजेक्शनं असं सगळं असतं. साफसफाईला एक मावशी सकाळ-संध्याकाळ येतात. परवा फरशी पुसलेलं फडकं पिळून त्यांनी त्यानंच तपासणीचं टेबल पुसलं. मी विचारलं तर म्हणाल्या, 'मॅडम, फिनेलात बुडवलंय की.' त्यांच्या हातांनाही भेगा पडल्या आहेत. त्यातच एक विक्रेता येऊन फॉगिंग मशीन आणि एक महागडं केमिकल घ्या म्हणून मागे लागला आहे. वयस्कर पेशंट म्हणतात, फिनेलचा वास आला की दवाखाना स्वच्छ वाटतो. नेमकं कोणतं रसायन वापरू, दिवसातून किती वेळा, आणि मशीन घेऊ का?"
एक डॉक्टर, सोलापूर जिल्हा

प्रिय डॉक्टर,

मशीन घेऊ नका. हे आधीच सांगते, कारण विक्रेता पुन्हा येईल आणि तोवर तुमच्याकडे उत्तर तयार असावं. का घेऊ नये ते पुढे सांगतेच.

मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाची नर्स आहे. 'कोणतं रसायन?' हाच प्रश्न मला नेहमी पहिल्यांदा विचारला जातो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: खोलीतली कोणती वस्तू पेशंटच्या शरीराला कुठे लागते, आणि दोन पेशंटच्या मधल्या वेळात ती पुसायला कुणाचा हात मोकळा असतो. ही दोन उत्तरं मिळाली की रसायन ठरवणं सोपं आहे. ती मिळाली नाहीत तर सगळ्यात महाग डबा आणूनही टेबल तसंच राहतं.

पहिल्या प्रश्नासाठी अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या मध्यात एक विभागणी सांगितली. रुग्णालयं आजही तीच वापरतात. तुम्ही ती कॉलेजात शिकला असाल, तरी मावशींना आणि बाहेर बसणाऱ्या मुलीला समजावताना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. जे शरीराच्या आत, रक्तात किंवा उघड्या ऊतीत जातं ते पूर्ण निर्जंतुकच हवं. जे तोंड, नाक, योनी यांच्या आतल्या ओल्या अस्तराला लागतं, त्याला निदान वरच्या दर्जाचं निर्जंतुकीकरण हवं. आणि जे फक्त धडधाकट कातडीला लागतं, ते स्वच्छ धुऊन-पुसून साध्या जंतुनाशकाचा हात फिरवला तरी भागतं.

आता या हिशोबानं आपल्या खोलीत एकदा फिरा. पहिल्या गटात तुमच्याकडे सुया आणि ड्रेसिंगची हत्यारं येतात. दुसऱ्या गटाकडे मात्र छोट्या दवाखान्यांत सर्रास दुर्लक्ष होतं. बायकांच्या तपासणीचं स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत बघायचं हत्यार, अँटिसेप्टिकच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं आणि पुढच्या बाईसाठी त्यातूनच काढलेलं मी पाहिलं आहे. हे चालत नाही. स्पेक्युलम वापरलं की वाळायच्या आत डिटर्जंटच्या पाण्यात टाका, बिजागरीच्या सांध्यात ब्रश घालून घासा, खळबळून कोरडं करा आणि मगच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, ठेवा. १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब. उघडं ठेवलं तर २० मिनिटं, कापडात गुंडाळलेलं असेल तर ३०. वेळ मोजायची ती तापमान गाठल्यापासून, गॅस पेटवल्यापासून नव्हे. उकळत्या पाण्यात बहुतेक जंतू मरतात, पण धनुर्वाताच्या जंतूंसारख्यांचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली त्यांची सुप्त रूपं, त्यातूनही वाचतात. म्हणून ऑटोक्लेव्ह असताना उकळण्यावर भागवू नका. दिवसाला जितक्या बायकांची तपासणी होते त्याहून दोन-चार स्पेक्युलम जास्तच घेऊन ठेवा. हत्यारं कमी असतात तिथेच घाई होते.

दम लागलेल्याला औषधाचं धुकं हुंगायला देणारा नेब्युलायझरही याच दुसऱ्या गटातला. मशीन सगळ्यांना एक असलं तरी चालतं. मास्क आणि औषध घालायची कुपी प्रत्येक मुलाची वेगळी हवी. ज्या मुलाला वरचेवर दम लागतो त्याच्या आईला किट विकत घ्यायला सांगा, त्यावर मुलाचं नाव लिहा आणि ते घरी नेऊ द्या. पावसाळ्यात आणि थंडीत एकामागून एक कफ झालेली मुलं येतात, तेव्हा तो एकच मास्क नुसता पुसून पुढच्या तोंडाला लावणं म्हणजे आधीच्या मुलाचा आजार पुढच्याला देणं आहे.

राहिला तिसरा गट, आणि तुमचं पत्र खरं त्याबद्दलच आहे. तपासणीचं टेबल, त्याची पायरी, बीपीचा पट्टा आणि दाबायचा फुगा, स्टेथोस्कोप, टॉर्च, थर्मामीटर, बाळाचा वजनकाटा, पेशंटच्या खुर्चीचे हात, पडद्याची कडा, दाराची कडी, दिव्याचं बटण, नळ, तुमचं पेन आणि तुमचा मोबाइल. यातली बरीच ठिकाणं पेशंटच्या हातापेक्षा तुमच्या हातामुळे दूषित होतात. जखम बघून तुम्ही पडदा सारता, पडद्याला हात लावून पुढच्या बाळाचं पोट तपासता. म्हणून टेबल दिवसातून किती वेळा पुसायचं याआधी, प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात साफ होतात का, हे बघा. अल्कोहोलचं हँडरब टेबलाच्या उशाशीच भिंतीला लावा. २० ते ३० सेकंद पुरतात. हातावर रक्त, पू, विष्ठा दिसत असेल किंवा पेशंटला जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच वापरा. काही जुलाबांच्या जंतूंवर अल्कोहोल नीट चालत नाही.

एक प्रयोग करून बघा. अतिनील टॉर्चखालीच दिसणाऱ्या शाईचं पेन आणि तो टॉर्च स्टेशनरीच्या दुकानात किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. सकाळी दाराच्या कडीवर, बीपीच्या फुग्यावर, टेबलाच्या कडेला खालच्या बाजूनं, नळाच्या चावीवर आणि बाळाच्या वजनकाट्याच्या कोपऱ्यात एकेक ठिपका द्या. रोजची सफाई झाली की खोलीत अंधार करून टॉर्च मारा. जिथे फडकं फिरलं तिथला ठिपका गेलेला किंवा पुसट झालेला असतो, जिथे नाही फिरलं तिथला तसाच लखलखतो. टेबलाचा मधला भाग बहुतेक ठिकाणी चकाचक निघतो. चमकतात त्या कडा, म्हणजे पेशंट उठताना हात टेकतो नेमकी तीच जागा. मात्र हा प्रयोग मावशींना सोबत घेऊन करा. टॉर्च त्यांच्याच हातात द्या. त्यांच्या माघारी तपासणी करून नंतर त्यांना दाखवलं तर त्या दुखावतील आणि पुढच्या वेळी फक्त ठिपके शोधत बसतील.

दुसरा प्रश्न, हात कुणाचा मोकळा. मावशी सकाळ-संध्याकाळ येतात. मधल्या साठ-सत्तर पेशंटमध्ये टेबल पुसायला त्या नसतातच. म्हणून दोन पेशंटच्या मधली सफाई मावशींच्या वेळापत्रकात घालू नका, ती तुमची आणि तुमच्या मदतनीस मुलीची. आणि ती इतकी छोटी ठेवा की ओपीडीच्या गर्दीतही टळणार नाही. पेशंट उठला की टेबलावरचा कागद ओढून काढायचा, डोकं आणि हात टेकतात त्या जागा ओल्या फडक्यानं पुसायच्या, नवा कागद पसरायचा. कागदाचा रोल परवडत नसेल तर डोक्याखाली घालायला धुतलेल्या सुती कापडांची चळत ठेवा आणि प्रत्येकाला नवं द्या. दिवसभर एकच हिरवी चादर पसरून ठेवण्यापेक्षा उघडं रेक्झिन बरं. ते निदान पुसता तरी येतं.

स्टेथोस्कोपची चकती, थर्मामीटर आणि टॉर्च यांना प्रत्येक वेळी स्पिरिटचा बोळा. बीपीचा पट्टा कापडी असेल तर पुढच्या वेळी पुसता येणारा घ्या, तोवर कव्हर दर आठवड्याला धुवा आणि कातडीवर पुरळ, खरूज किंवा जखम असलेल्या पेशंटनंतर त्याच दिवशी. अशा पेशंटच्या दंडाला आधी पातळ कापड गुंडाळून वर पट्टा लावला तरी माप मिळतं.

टेबलाचं रेक्झिन कुठे फाटलंय का ते आजच बघा. भेग पडली की घाम, रक्त, लघवी आतल्या फोममध्ये मुरते, आणि तिथपर्यंत कोणतंही रसायन पोचत नाही. चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका, चिकटपट्टीच्या कडेखाली मळ साचतो. तुमच्या गावात सोफे-गाद्या शिवणारा कुणीतरी असेलच. फॉगिंग मशीनच्या पैशात त्याच्याकडून टेबलाला नवं रेक्झिन चढवून होईल आणि वर पैसे उरतील.

आता ते फडकं. मावशींचं उत्तर मला मनापासून पटण्यासारखं वाटलं, कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही की घाणीत औषध मरतं. बहुतेक जंतुनाशकं, विशेषतः क्लोरीनची, माती, रक्त, शेंबूड यांच्याशी लागली की तिथेच खर्ची पडतात. जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी डिटर्जंटच्या पाण्यानं मळ काढायचा, साध्या पाण्यानं पुसायचं आणि मग जंतुनाशक लावायचं. फरशीची बादली जितकी काळी होते, तितकी तिच्यातल्या फिनेलची ताकद जाते. मग त्या पाण्यातलं फडकं टेबलावर फिरलं की बाहेरच्या खोलीतली चिखलाची पावलं तेवढी वर येतात.

वाद टाळायला रंग ठरवा. टेबल आणि खुर्च्यांना निळं फडकं, सिंकला पिवळं, संडासाला लाल, आणि फरशीचा मॉप या सगळ्यांपासून वेगळा. फडकं एकदा मधोमध दुमडा, मग पुन्हा एकदा दुमडा. चार पदर होतात, म्हणजे पुसायला आठ बाजू. एक बाजू मळली की उलटायची, आठही संपल्या की फडकं धुवायला टाकून दुसरं घ्यायचं. मळलेलं फडकं औषधाच्या बादलीत परत बुडवायचं नाही, हे एवढं एक कसोशीनं पाळा. पुसायची दिशा वरून खाली, स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे, आणि खोलीच्या आतून दाराकडे. संध्याकाळी सगळी फडकी आणि मॉप साबणानं धुऊन उन्हात वाळत घाला. ओला मॉप बादलीत रात्रभर राहिला तर सकाळी त्यानंच जंतू पसरतात. तुमच्याकडे उन्हाची ददात नाही, त्याचा फायदा घ्या.

रसायनांची निवड खरं तर फार मोठी नाही. छोट्या दवाखान्याला डिटर्जंट, स्पिरिट, हायपो आणि टेबलासाठी एक तयार द्रावण, इतकं पुरतं.

स्पिरिट ७० टक्क्यांच्या आसपासचंच हवं. शुद्ध अल्कोहोल जास्त चांगलं असं वाटतं, पण जंतूंमधली प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं. स्पिरिट लहान वस्तूंसाठी आहे. सगळं टेबल रोज स्पिरिटनं पुसाल तर रेक्झिन कडक होऊन तडकेल, आणि ते पेट घेतं हेही विसरू नका.

सोडियम हायपोक्लोराइट, आपल्या बोलण्यातलं हायपो, स्वस्त आहे आणि रक्तावर सगळ्यात भरवशाचं. ५ टक्क्यांच्या बाटलीतून १ टक्का करायचं तर १ भाग हायपो आणि ४ भाग पाणी. बाटली १० टक्क्यांची असेल तर १ भागाला ९ भाग पाणी. हे रक्त सांडलं तर वापरायचं: हातमोजे घालून जागेवर टिपकागद किंवा जुनं कापड टाका, त्यावर १ टक्का हायपो ओता, निदान १० मिनिटं थांबा, मग उचलून पिवळ्या पिशवीत टाका आणि जागा पुन्हा पुसा. 'हेपटायटिस बी'चा विषाणू सुकलेल्या पृष्ठभागावर निदान ७ दिवस तग धरतो, म्हणून सुकलेला छोटा डागही नुसता खरवडून सोडू नका. रोजच्या पुसण्याला इतकं तीव्र हायपो लागत नाही. ०.१ टक्का पुरतं, म्हणजे ५ टक्क्यांच्या बाटलीतले २० मिली घेऊन पाण्यानं १ लिटर करायचं. लावल्यावर पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहू द्या आणि मग साध्या पाण्याचं फडकं फिरवा, नाहीतर स्टीलला खड्डे पडतात आणि रेक्झिन खराब होतं. द्रावण रोज सकाळी ताजं बनवा, उरलेलं संध्याकाळी ओतून द्या. मूळ बाटली उन्हात किंवा उकाड्यात राहिली तरी तिची ताकद कमी होत जाते. तुमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ती पत्र्याखाली ठेवू नका, आणि विकत घेताना उत्पादनाची तारीख बघून घ्या.

मापाची भांडी घरगुती असली तरी हरकत नाही, पण माप डोळ्यांना दिसलं पाहिजे. बाटलीवर नेलपॉलिशनं दोन रेघा मारा: इथपर्यंत हायपो, इथपर्यंत पाणी. मावशींना लेबल वाचता येत असो वा नसो, रेघ चुकत नाही.

आणि एक गोष्ट लाल अक्षरात लिहून संडासाच्या दारावर लावा: हायपो आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करायचं नाही. दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो फुप्फुसांना भाजतो. 'दोन औषधं मिसळली की दुप्पट साफ होतं' असा समज घरोघरी आहे. मावशींच्या जिवासाठी तो आधी काढून टाका.

टेबलासाठी तयार द्रावणं मिळतात, त्यातली बरीच 'क्वाट' (क्वाटर्नरी अमोनियम) प्रकारची असतात. ती रेक्झिनला सौम्य आहेत आणि दोन पेशंटच्या मधल्या पुसण्याला सोयीची. लेबलवर पृष्ठभाग किती मिनिटं ओला ठेवायचा ते दिलेलं असतं. ते घेण्याआधी बघा, कारण १० मिनिटांचं द्रावण तुमच्या ओपीडीत कधीच पुरतं ओलं राहणार नाही. १-२ मिनिटांचं शोधा. ही रसायनं सुती कापडाला चिकटून बसतात, पृष्ठभागावर थोडीच उतरतात, म्हणून मायक्रोफायबर किंवा त्याच कंपनीनं सांगितलेलं कापड वापरा. आणि पाण्यात मिसळायचं द्रावण असेल तर बोअरच्या जड पाण्यात त्याची ताकद कमी होते, म्हणून फिल्टरचं पाणी घ्या. फवारा टेबलावर न मारता फडक्यावर मारा. हवेत उडालेलं औषध तुमच्याच छातीत जातं. विक्रेत्याचं महाग केमिकल याच प्रकारातलं असण्याची शक्यता आहे. डब्यावरचं घटकद्रव्य आणि वेळ वाचा, मग किंमत ठरवा.

फिनेल सोडा असं मी म्हणत नाही, पण त्याची जागा बदला. संडास आणि बाहेरची मोरी यांना ते चालेल. टेबलाला नको, आणि बाळाच्या वजनकाट्याला तर अजिबात नको. फिनॉलच्या जातीची जंतुनाशकं नवजात बाळांच्या पाळण्यांना वापरली तेव्हा बाळांमधली कावीळ वाढल्याच्या नोंदी आहेत. वजनकाटा साबणाच्या पाण्यानं पुसा, बाळाखाली दर वेळी धुतलेलं दुपटं किंवा कागद घाला.

वयस्कर पेशंटना वास हवासा वाटतो, ते मी समजू शकते. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्यानं हात धुवायला लावलं, तेही वासावरूनच: प्रेताचा वास हातांवरून जावा म्हणून. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. तिथे वास गेला होता. आपल्याकडे आपण वास भरतो आणि त्याखाली काय उरलं ते कळेनासं होतं. पेशंटना सांगायची गरज नाही, दाखवा. त्यांच्यासमोर टेबल पुसा, त्यांच्यासमोर नवा कागद पसरा, त्यांच्यासमोर हात साफ करा. आठवडाभरात फिनेलचा विषय निघेनासा होईल.

फरशीवर फार जीव टाकू नका. तपासणीच्या खोलीत माणसं फरशीला हात लावत नाहीत, आणि दहा पावलं फिरली की ती पुन्हा मळते. दिवसातून दोनदा डिटर्जंटच्या पाण्यानं ओला मॉप, रक्त किंवा उलटी झाली तर लगेच हायपो, एवढं बस. फक्त केरसुणी खोलीत आणू नका. कोरडं झाडलं की धुळीसोबत जंतू उडून टेबलावर बसतात. पंख्याची पाती, खिडक्यांच्या जाळ्या, कपाटाचा माथा आठवड्यातून एकदा, ओपीडी नसलेल्या वेळी. पडदा दर पंधरा दिवसांनी धुवायला, डाग पडला तर त्याच दिवशी.

आता मशीन. हवेत औषध फवारून खोली शुद्ध करायचा मोह जुना आहे. जोसेफ लिस्टर यांनी शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्ल आणून १८६७ पासून हजारोंचे प्राण वाचवायची वाट मोकळी केली. पुढे ते शस्त्रक्रियेच्या वेळी हवेतही कार्बोलिकचा फवारा मारू लागले. डॉक्टरांचे हात भाजत, डोळे चुरचुरत. शेवटी त्यांनी तो फवारा सोडला आणि १८९० साली बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत त्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की खोल्यांमध्ये नेहमीची फवारणी किंवा फॉगिंग करू नये. मळाखाली धुकं पोचत नाही, सावलीत पोचत नाही, आणि ज्याच्या जोरावर मळ निघतो ते घासणं त्यात होतच नाही. उलट खोली फवारली म्हणून त्या दिवशी टेबल पुसायचं राहून जातं.

हवेची काळजी मात्र तुम्हाला घ्यायलाच हवी, कारण टीबी हवेतून पसरतो आणि खोकल्याचे पेशंट रोज येतात. गोवराचा विषाणूही बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. त्यावर उपाय म्हणजे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं. एक उदबत्ती पेटवून तुमच्या खुर्चीजवळ धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. तो तुमच्याकडून पेशंटकडे आणि तिथून खिडकीबाहेर जायला हवा. पेशंटकडून तुमच्या तोंडावर येत असेल तर खुर्च्यांच्या जागा बदला. धूर जागीच घुटमळत असेल तर बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा. एसी लावून खिडक्या बंद करण्याचा विचार असेल तर कृपा करून तपासणीच्या खोलीत तो करू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याला दारातच मास्क द्या आणि रांगेत बसवून न ठेवता आधी आत घ्या.

शेवटी मावशींकडे येते, कारण माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची ओळ त्यांच्या हातांबद्दलची आहे. भेगा पडलेल्या कातडीतून दुसऱ्याच्या रक्तातला विषाणू आत जाऊ शकतो. तपासणीचे पातळ हातमोजे त्यांच्या कामाला टिकत नाहीत. कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे घ्या, त्यांच्या मापाचे, दोन जोड. एक टेबल-सिंकसाठी, एक संडासासाठी, वेगळ्या रंगाचे. काम झालं की हातमोजे हातात असतानाच साबणानं धुवायचे, मग काढून उलटे टांगायचे. भेगा भरेपर्यंत हायपोचं काम त्यांना देऊ नका आणि रात्री हाताला लावायला व्हॅसलीन द्या.

मावशींना सगळ्यात मोठा धोका रसायनाचा नाही, सुईचा आहे. इंजेक्शन ज्यानं दिलं त्यानंच सुई लगेच कटरमध्ये कापायची आणि पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. सुईला टोपण परत लावायचं नाही, ट्रेमध्ये 'नंतर बघू' म्हणून ठेवायची नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताचे बोळे आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सुईविना सिरिंज, सलाइनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, फुटकी-साबूत औषधाची काच निळ्या खुणेच्या खोक्यात. कचरा ४८ तासांच्या पुढे दवाखान्यात ठेवता येत नाही. खाट नसलेल्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, ती नसेल तर या महिन्यात अर्ज करा. केराच्या टोपलीत एकही सुई जाता कामा नये, कारण ती टोपली हातानं दाबून पिशवी बांधतात त्या मावशीच.

त्यांना 'हेपटायटिस बी'ची लस मिळाली आहे का ते उद्या विचारा. बहुतेक दवाखान्यांत डॉक्टरांनी घेतलेली असते, सफाई करणाऱ्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. तीन डोस: आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. खर्च दवाखान्याचा, मावशींच्या पगारातून नाही. टोचायला तुम्ही आहातच. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात अँटिबॉडी आल्या का ते तपासा आणि तो कागद त्यांच्या हातात द्या. उद्या त्यांनी दुसऱ्या दवाखान्यात काम धरलं तरी तो त्यांच्या उपयोगी पडेल.